तोंडपट्टी

पाण्याची पट्टी कशी वाढवतात ते मला कुणी शिकवायला नको. आधी इंजिन बिघडतं, मग तेल महागतं, मग चार शहाणे चावडीवर बसतात. मग दवंडी, मग मोजणी, मग हरकती. आणि एवढा सगळा तमाशा झाल्यावर जे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं तेच होतं. परवा नातसून नळाचं बिल बघून तणतणत होती, तेव्हा मी म्हटलं, "वाढलं तर वाढलं. घरात शिरून कुणी तोंडं तर मोजली नाहीत ना?" ती हसली. तिला वाटलं, म्हातारीचं आपलं काहीतरी. इतकी वर्षं झाली, अजूनही दारात कुणी वही घेऊन उभं राहिलं की माझे हात गार पडतात.

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं, आटगावच्या अलीकडचं. आमच्या शेताच्या बांधाजवळून मुंबईचं पाणी जायचं, जाडजूड लोखंडी नळातून. उन्हाळ्यात आम्ही पोरी त्या नळाला कान लावून आतलं पाणी ऐकायचो, आणि मग कळशा घेऊन झऱ्यावर जायचो, वाटीवाटीने भरायला. त्यामुळे मुरबाड तालुक्यातल्या एका बाजारगावात मला दिली आणि तिथे नळ आहे असं कळलं, तेव्हा नवऱ्यापेक्षा नळाचाच आनंद मला जास्त झाला होता. खोटं कशाला बोलू?

नळ म्हणजे काही घरात नव्हता. नदीकाठी विहीर, विहिरीवर तेलाचं इंजिन, टेकाडावर टाकी आणि गावात तीन-चार कोंडाळी. दगडी ओटा बांधायचा, त्याला पितळी तोट्या बसवायच्या, त्याला कोंडाळं म्हणायचं. सगळा कारभार गावच्या नळकमिटीचा. पट्टी दर घराला सारखीच, मग घरात दोन माणसं असोत की वीस. आमच्या गल्लीतल्या बायकांना हे फार आवडायचं, कारण आमच्या गल्लीत सगळी घरं भरलेली.

आमचंच घर लहान. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. हे, म्हणजे माझे मालक; थोडी भातशेती आणि बाजारात शिलाईचं मशीन. आणि माझा धाकटा दीर, जवळजवळ माझ्याच वयाचा. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. आत्याबाईंनी दोन्ही मुलं एकटीने वाढवली. बोलायला तिखट, पण आतून भारी घाबरट. तिखट माणसं पुष्कळदा घाबरट असतात, मी स्वतःवरूनच सांगते.

लढाईच्या दिवसांत बेचाळीसची चळवळ पेटली आणि आमचा दीर तिच्यात गेला. चार पोरांनी मिळून तारा तोडल्या आणि सिद्धगडाकडच्या रानात पळाले. दुसऱ्याच दिवशी फौजदार दारात. भाताची कणगी होती तिच्यात त्याने काठी खुपसखुपसून पाहिलं, माझ्या ट्रंकेतली लुगडी अंगणात फेकली. यांना चौकीवर नेलं आणि संध्याकाळी परत सोडलं, तेव्हा यांचा एक डोळा सुजून बंद झाला होता. जाताना फौजदार आत्याबाईंना म्हणाला, "पोरगा घरी आला आणि तुम्ही लपवलात, तर तो जाईलच, पण हा थोरलाही जाईल. घराला सील ठोकीन." त्या दिवसापासून दाराची कडी वाजली की त्यांच्या हातातलं भांडं पडायचं.

आणि तो आलाच. उन्हाळा सुरू व्हायच्या सुमाराला डोंगरपाड्यावरची दोन माणसं मोळ्या विकायला आली, त्यांच्यामध्ये डोक्यावर मोळी घेतलेला एक तिसरा होता. माजघरात येऊन मोळी टाकून तो खालीच बसला, तेव्हा मी ओळखलं. अंगात हाडं तेवढी राहिली होती. हिवताप. रानात सगळ्यांना झाला होता म्हणे, पण याला सोडत नव्हता. आत्याबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि मागच्या मागे दार लावून घेतलं.

त्याला आम्ही माळ्यावर ठेवलं, स्वयंपाकघराच्या वर, लाकडं आणि पेंढा होता तिथे. खोकला आला की तोंडात कापडाचा बोळा घालायचा. वैद्याला बोलवायची सोय नव्हती. यांनी हिवतापावरचं कोयनेल शोधलं तर ते कुठेच मिळेना, सगळं लढाईवर गेलं म्हणत. राहता राहिलं पाणी. हिवतापाच्या माणसाला आधी थंडी भरते, दात वाजतात, आणि मग अंग भट्टीसारखं तापतं की पाणी, पाणी, पाणी. प्यायला पाणी, डोक्यावर पट्ट्यांना पाणी, घामाने भिजलेल्या गोधड्या धुवायला पाणी. मी शिडीवरून कळशी चढवायचे, उतरवायचे. तेवढ्यातही तो थट्टा करायचा. "वहिनी, तू पाणी आणतेस का नळच माळ्यावर घेऊन येतेस?" मी म्हणायचे, "गप पड, मेल्या." मेल्या! आता तो शब्द आठवला तरी जीव कासावीस होतो.

नेमक्या याच दिवसांत इंजिन बिघडलं.

सुटा भाग मिळेना, मिळाला तर दाम चौपट. तेलाचंही तेच. नळकमिटी चावडीवर बसली आणि ठरलं की पट्टी वाढवायची. पण नुसती वाढवली तर लहान घरं ओरडतील, म्हणून कमिटीतल्या कुणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघाली की आता घरामागे नको, तोंडामागे घ्या. जेवढी तोंडं पाणी पितात तेवढी पट्टी. दवंडीवाला गल्लीत ढोल बडवून सांगून गेला की कारकून घरोघर येईल, खरी तोंडं सांगा, ज्याची हरकत असेल त्याने मामलेदारसाहेबांपुढे चावडीवर यावं. लोकांनी त्याच दिवशी तिचं नाव ठेवलं तोंडपट्टी. जो तो हसत होता. आमच्या घरात मात्र चूल पेटवायचं कुणाला सुचेना. कारकून येणार. घरात येणार. तोंडं मोजणार!

कारकून आला त्या दिवशी गल्लीत जे झालं ते सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही. कमिटीपुढे खोटं बोलणं हे आमच्याकडे खोटं धरतच नसत. समोर एक काकू राहायच्या. धिप्पाड बाई, आवाज असा की बोलल्या तर बाजारात ऐकू जावं. त्यांच्या घरात दीर, जावा, पोरं, जेवायला दोन पंगती बसायच्या. त्यांनी सकाळीच सगळी पोरं म्हशींबरोबर नदीवर पिटाळली. म्हातारे सासरे तेवढे ओट्यावरून उठेनात. कारकुनाने विचारलं, "हे कोण?" काकू म्हणाल्या, "पावनं हायत. उद्या जातील." कारकून म्हणाला, "मागच्या शिमग्याला आलो तेव्हा पण हेच बसले होते." "तवा पण पावनंच आलं हुतं," काकू म्हणाल्या. सासरे बहिरे, ते आपले हसत राहिले. काकूंनी पाच तोंडं लिहून घ्यायला लावली. सगळ्या गल्लीने तेच केलं, कुणी निम्मी सांगितली, कुणी त्याहून कमी.

मग तो आमच्या दारात आला. मी चुलीपाशी उभी. वर माळ्यावर आवाज नाही. त्या दिवशी तापाची पाळी होती आणि त्याला थंडी भरायची वेळ झाली होती, म्हणून त्याच्या दातांत मीच कापड दिलं होतं. आत्याबाईंनी रात्रभर विचार करून ठरवलं होतं की माळ्यावरचा सोडून आपण काही लपवाछपवी करायची नाही. "खरं सांगितलं की कोन उलटून इचारत नाय," त्या मला म्हणाल्या होत्या. त्यांनी कारकुनाला थेट चुलीपर्यंत आत बोलावलं, पाट दिला, गुळाचा खडा दिला. "आमी तिगं. मी, ल्योक नि सून. घर बघा पायजे तर," त्या म्हणाल्या.

कारकुनाची लेखणी थांबली. त्याने मान वर करून आत्याबाईंकडे पाहिलं. सबंध गल्लीत त्याला तोंड कमी करून न सांगणारं पहिलं घर भेटलं होतं. "तिघंच आहात ना घरात? मग तिघंही सांगता?" तो म्हणाला. "एखादं कमी नाही केलं?" आणि हसला. घाबरून केलेला खरेपणा आमच्या गल्लीत एवढा उठून दिसेल हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

वरून थोडासा पेंढा खाली पडला. कारकुनाच्या वहीवरच पडला म्हणा ना. त्याने फुंकर मारून तो उडवला. "उंदीर," मी म्हणाले, कुणी न विचारता. आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जन्मात विसरणार नाही. कारकून उठला आणि गेला.

पण कारकून हुशार होता. सगळं गाव खोटं बोललंय हे त्याला ठाऊक होतं. खरी तोंडं शोधायची कशी? त्याने कोंडाळ्यावर एक राखणदार बसवला, भिंतीवर दर घराची जागा आखली, आणि कोण किती हंडे नेतं त्याच्या कोळशाने रेघा ओढायला लावल्या. मग म्हणाला, गल्लीत एकच घर खरं बोललंय. त्या घराच्या तीन तोंडांना किती पाणी लागतं ते बघू, म्हणजे माणशी पाण्याचं माप कळेल. तेच माप बाकीच्या घरांना लावू, म्हणजे कुणी किती तोंडं लपवली ते आपोआप बाहेर पडेल.

आता आमच्या घरातलं पाणी खरं तीन तोंडांचं होतं का? माळ्यावरचा एक जण तीन जणांचं पाणी संपवत होता. त्यामुळे कारकुनाचं माणशी माप भलतंच मोठं निघालं. ते माप त्याने समोरच्या काकूंच्या हंड्यांना लावलं, तर काकूंचे हंडे बरोबर पाच तोंडांना पुरत होते! सगळ्या गल्लीचं खोटं खरं ठरलं. कमिटीचा डाव पालथा. बायका कोंडाळ्यावर खुसखुसत होत्या. मी त्यांच्यात उभी राहून हसल्यासारखं करत होते, पण कारकून काही हसत नव्हता. तो भिंतीवरच्या आमच्या रेघांकडे बघत उभा होता. "तीन माणसं," तो राखणदाराला म्हणाला, "एवढ्या पाण्याचं करतात काय?"

मी हंडे कमी करायचा प्रयत्न केला. आम्ही दोघींनी आंघोळी सोडल्या, भांडी राखेने नुसती पुसून काढली. पण आजाऱ्याचं पाणी कसं तोडणार? एकदा तापात असताना मी त्याला म्हटलं, "जरा कमी पी रे, रेघा मोजतायत." त्याने भांडं खाली ठेवलं. मग त्याचे ओठ फाटून रक्त आलेलं पाहिलं आणि मी स्वतःच ते भांडं उचलून त्याच्या तोंडाला लावलं. लगेच दुसऱ्या खेपेला कोंडाळ्यावर गेले, आणि राखणदाराने माझ्यादेखत आणखी एक रेघ ओढली.

हरकतींच्या दिवशी आत्याबाईंना चावडीवर बोलावणं आलं. आम्ही हरकत घेतली नव्हती, पण कमिटीने आमच्यावर घेतली होती. चार माणसं जमवायची तर त्या दिवसांत पोलिसांची परवानगी लागायची, म्हणून फौजदार खुर्ची टाकून बसला होता. तोच, कणगीत काठी खुपसणारा. मामलेदार मध्ये, कमिटीचे लोक जाजमावर, आणि बायका पडवीच्या खांबांना धरून उभ्या. हे मशीनवरून उठून आले होते. त्यांच्या गळ्यात टेप तसाच होता, आणि ते त्याचं टोक सारखं बोटाला गुंडाळत होते.

मामलेदाराने विचारलं, "बाई, घरात तोंडं किती?"

"तीन," आत्याबाई म्हणाल्या.

"मग पाणी एवढं कुठे मुरतं?"

आत्याबाईंनी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. फौजदार पान चघळत होता, ते त्याचं चघळणं थांबलं. मला आजही ते थांबलेलं तोंड दिसतं. मी मनात म्हणत होते, बोला हो आत्याबाई, काहीतरी बोला. त्या नुसत्या पदराशी चाळा करत उभ्या.

तेवढ्यात खांबाआडून आवाज आला. "ती काय सांगनार सायब? मी सांगते." समोरच्या काकू. आमचा नि त्यांचा उकिरड्याच्या जागेवरून दोन वर्षं अबोला होता. हिने काही पाहिलं असेल तर आजच बोलेल, सगळ्यांपुढे, त्या आवाजात.

"ही बाई कशी हाय ठाव हाय का तुमाला?" काकू म्हणाल्या. "ही लाकडं धुवून चुलीत घालते! ओट्याव कावळा बसला तरी ओटा धुते. सुनंला दिसाला चारदा न्हायाला लावते बिचारीला. आवं, आमची कोंबडी हिच्या अंगनात गेली तर ही कोंबडीच धुवून परत देते!"

चावडी हसायला लागली. दुसरी एक बाई म्हणाली, "खरं हाय सायब, मीठ तेवढं धुवायचं ऱ्हायलंय." तिसरी काही बोलली, चौथी बोलली. मला कळलं की या का बोलतायत. आमची तीन तोंडं चार झाली तर माणशी माप खाली येणार, आणि त्यांची सगळ्यांची लपवलेली तोंडं उघडी पडणार. स्वतःच्या पट्टीसाठी त्या आत्याबाईंची अब्रू चव्हाट्यावर मांडत होत्या, आणि मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. फौजदारही हसला. त्याचं तोंड परत हलायला लागलं.

मामलेदाराने हात वर केला. पट्टी तोंडामागेच, सांगितलीत तीच तोंडं धरली, दर मात्र वाढवला. राखणदार महिनाअखेरपर्यंत कोंडाळ्यावर बसेल आणि ज्याचे हंडे वाढतील त्याच्या घराची झडती होईल. झालं, म्हणजे जे व्हायचं होतं तेच झालं.

दुसऱ्या सकाळी मी हंडा आणि सवयीने कळशीही घेऊन निघाले, पण रेघेच्या धाकाने एकच हंडा भरला. कोंडाळ्यापासून गल्लीत शिरताना एक वळण आहे, तिथून राखणदाराला काही दिसत नाही. मी भरलेला हंडा घेऊन तिथे पोचले तर मागून काकू आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या हातातली रिकामी कळशी घेतली आणि आपल्या हंड्यातलं पाणी तिच्यात ओतलं. "तू हंडं कमीच ने गो," काकू हळू बोलल्या. त्या बाईला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "वरच्याला जे लागल ते आमी घालू."

काकूंच्या मागून दुसरी एक आली, तिनेही थोडं ओतलं. मग तिसरीने. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तुम्हाला वाटेल मला बरं वाटलं. छे! मी भरली कळशी घेऊन घरी आले ती दार लावूनच थांबले. सगळ्यांना ठाऊक होतं! माळ्यावरचा खोकला, रात्री वाळत घातलेल्या गोधड्या, सगळं. आम्ही ज्यांच्यापासून लपवत होतो ती सगळी गल्ली जाणून होती, आणि किती दिवसांपासून ते देव जाणे. मी आत्याबाईंना सांगितलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

"एका बाईला ठाव असंल तर निभंल," त्या म्हणाल्या. "समद्यांना ठाव म्हंजे उद्या त्या फौजदाराला ठाव. आजच हलवायचं त्याला."

"आत्याबाई, ताप उतरू दे. काकूंनी सांगायचंच असतं तर काल नसतं का सांगितलं?"

"काल त्यांची पट्टी हुती मधी," आत्याबाई म्हणाल्या. "आज काय हाय?"

तो दिवस बाजाराचा, गाड्यांची ये-जा चालू, त्यात एक पेंढ्याची गाडी कुणाच्या डोळ्यांत येणार नव्हती. यांनी बाजारात आलेल्या पाड्यावरच्या माणसाकरवी निरोप धाडला आणि बैल जुंपले. माळ्यावरून त्याला खाली उतरवलं तेव्हा अंग शेकोटीसारखं होतं. मी तांब्या त्याच्या तोंडाला लावला, त्याने सगळा संपवला. मला म्हणाला, "आता घरात खरंच तिघं. कमिटीला कळव हो वहिनी." मग त्याला गाडीत निजवून वर पेंढा रचला. भर उन्हात गाडी सिद्धगडाच्या वाटेला लागली. पेंढ्याखाली किती गरम होत असेल ते मी मनात आणू नये म्हणून घर सारवायला घेतलं. गाडीवाट संपली तिथे पाड्यावरची माणसं डोली घेऊन आली होती, असं यांनी परत आल्यावर सांगितलं.

तो आठवडा मी रोज वळणावर थांबले आणि रोज त्या बायकांनी माझ्या कळशीत पाणी ओतलं. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं असतं तर तो गेलाय हे कळलं असतं, कुठे गेला हे कुणी विचारलं असतं. आत्याबाई म्हणाल्या, "ओतूं दे." मी ते पाणी आणून मोठ्या घंगाळात साठवत गेले. ते वापरायला हात होत नव्हता.

पुढच्या बाजाराला पाड्यावरचा एक म्हातारा करवंदांची पाटी घेऊन दारात बसला. आत्याबाईंनी त्याला पाणी दिलं. तो प्यायला, तोंड पुसलं, आणि पाटीतली करवंदं चाचपत, मान वर न करता बोलला. ताप डोक्यात गेला. पाड्यावर पोचल्यावर दोनच दिवस काढले. त्यांनी तिथेच, डोंगराच्या पायथ्याला, अग्नी दिला होता.

आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांना ओरडता येत नव्हतं. पोटचा गोळा गेला आणि त्या बाईला रडायची चोरी! त्यांनी म्हाताऱ्याच्या करवंदांचा भाव केला, करवंदं घेतली, त्याला वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "पानी घ्याया पायजे."

आपलं माणूस गेल्याची बातमी कानावर आली की नेसत्या वस्त्रानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. घरच्यांनी आणि भावकीने घ्यायचं, परक्यांना ते लागत नाही. पण आमच्या वाट्याचा हंडा केव्हाच संपला होता. घरात पाणी होतं ते घंगाळातलं, गल्लीने त्याला प्यायला म्हणून दिलेलं. मोरीत बसून आत्याबाईंनी ते डोक्यावर घेतलं, मग यांनी, मग मी. भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून ओंजळीने घेतलं.

तिसऱ्या प्रहरी कोंडाळ्यावर जायची वेळ झाली. गेले नसते तर राखणदाराने विचारलं असतं. लुगडं बदललं, पण केस वाळायला वेळ नव्हता, तसेच बांधले आणि निघाले. हंडा भरून वळणावर आले तर काकू पुढे उभ्या होत्या. त्यांनी हंडा डोक्यावरून उतरवला, माझी कळशी हातात घेतली, आणि त्यांचं लक्ष माझ्या केसांकडे गेलं. केसांतून पाणी मानेवर ओघळत होतं. तिसऱ्या प्रहरी कुणी सून न्हात नाही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

त्यांनी कळशी माझ्या हातात परत दिली. मग आपला भरलेला हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि तिथेच, भर वाटेत, लुगड्यासकट स्वतःच्या डोक्यावर उपडा केला.

पाण्याचा आवाज ऐकून राखणदार कोंडाळ्यावरून धावत आला. "काय गो, काय झालं?"

"पाय घसरला माजा, बघतोस काय!" काकू त्याच्यावर ओरडल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. "रेघ वडायची तर वड माझ्या नावाव!"

आणि रिकामा हंडा कडेवर घेऊन, तशाच निथळत, त्या परत जाऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.